लहान टाकीसाठी बेडूक निवडताना या चुका टाळा

लहान टाकीत पाळायला सोपा बेडूक कोणता, असे विचारले तर मी आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉगचेच नाव घेईन. मध्य आफ्रिकेतल्या संथ, उथळ पाण्यातला हा बेडूक जन्मभर पाण्यातच राहतो, पूर्ण वाढला तरी जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्यासाठी घरात जिवंत कीटक साठवावे लागत नाहीत. तरीही अनेक घरांत तो लवकर दगावतो, कारण त्याला मासा समजून वागवले जाते. काही घरांत तर मुळात भलताच बेडूक आलेला असतो.

ही भलत्या बेडकाची चूक दुकानातच होते. आफ्रिकन क्लॉड फ्रॉगची पिल्ले हुबेहूब ड्वार्फसारखी दिसतात, पण त्यांची मादी १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते, तोंडात मावेल तो मासा गिळते आणि पंधरा वर्षेही जगू शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वी बेडूक काचेजवळ येईपर्यंत थांबावे आणि त्याचे पुढचे पाय नीट पाहावेत. ड्वार्फच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात. क्लॉड फ्रॉगच्या पुढच्या पायांची बोटे मात्र सुटी असतात आणि डोळे डोक्याच्या वर आलेले दिसतात. पांढरा किंवा गुलाबीसर बेडूक ‘ड्वार्फ’ म्हणून दाखवला, तर तो बहुधा क्लॉडच असतो. चुकून असा बेडूक घरी आलाच, तर मोठ्या टाकीची सोय असलेल्या माणसाकडे तो सोपवावा; विहिरीत किंवा तळ्यात कदापि सोडू नये. कॅलिफोर्निया, चिली आणि फ्रान्समध्ये हे बेडूक निसर्गात पसरून तिथल्या जलचरांच्या मुळावर आले आहेत.

गोल काचेचे भांडे ‘लहान टाकी’ या व्याख्येत बसत नाही. त्यातले पाणी झपाट्याने बिघडते आणि फिल्टरही धड बसत नाही. दीड फुटी टाकीत सुमारे ३० लिटर पाणी आणि सौम्य स्पंज फिल्टर असला, तर तीन बेडूक सुखाने राहतात. हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे पाणी फार खोल नसावे आणि पाण्याच्या वर दोन-तीन बोटे मोकळी जागा असावी. टाकीवर फटी नसलेले जाळीचे झाकण हवेच, कारण बाहेर उडी मारलेला बेडूक काही तासांत सुकून मरतो.

नळाचे पाणी थेट ओतणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. बेडकाची त्वचा पातळ असून ती पाण्यातले बरेच काही शोषून घेते, त्यामुळे अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण) न घातलेले पाणी त्याला लगेच बाधते. शिवाय नवी टाकी भरून त्याच दिवशी बेडूक सोडू नये. फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया साठत राहतो.

बरेच बेडूक मरतात ते मात्र उपासमारीने, आणि तेही भरपूर खाद्य पडणाऱ्या टाकीत. ड्वार्फची नजर अधू असते, तो वासावर खाद्य शोधतो आणि तो ते चाचपत असतानाच मासे सगळे फस्त करतात. त्यामुळे त्याची टाकी स्वतंत्रच ठेवणे उत्तम. वितळवलेले फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) ड्रॉपरने त्याच्या नाकासमोर किंवा तळातल्या छोट्या वाटीत सोडावे आणि तो प्रत्यक्ष खातो आहे ना, हे पाहूनच उठावे. मोठ्या बेडकाला एक दिवसाआड खाणे पुरते. उरलेले खाद्य मात्र लगेच काढावे.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्यासाठी हीटर लागतो, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात जाळीवर छोटा पंखा लावावा लागतो. पाणी गार करायला त्यात बर्फ टाकू नये, कारण तापमानातला अचानक बदल उष्णतेइतकाच घातक असतो.

बेडूक फिकट पडला आणि त्याच्या अंगावरून पांढरट पापुद्रा सुटू लागला, की अनेक जण घाबरून माशांचे औषध ओततात. बहुतेक वेळा ती फक्त कात असते आणि बेडूक स्वतःच ती खाऊन टाकतो. मीठ आणि तांबेयुक्त औषधे त्याच्या त्वचेला अपायकारक आहेत, म्हणून ती या टाकीत घालूच नयेत. कापसासारखे पुंजके दिसले किंवा अंग फुग्यासारखे फुगले, तर तो आजार समजावा, त्या बेडकाला उथळ, स्वच्छ पाण्यात वेगळे ठेवावे, मूळ टाकीतला अमोनिया तपासावा आणि उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठावे.