मोटरहोममधील वीज आणि करमणुकीची साधने

साताऱ्याहून महाबळेश्वर किंवा कोयनेच्या बाजूला मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन मुक्कामी निघण्यापूर्वी विजेचा हिशेब वॅट-तासांत (वॅट गुणिले तास) मांडावा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास वीज मावते. मात्र ती लेड-ॲसिडची असेल, तर निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ४० वॅटचा टीव्ही तीन तास चालवला तर १२० वॅट-तास जातात, म्हणजे करमणूक फारशी महाग पडत नाही. खरी उधळपट्टी उष्णता देणारी साधने करतात: २,००० वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली, तर बॅटरीतून १६५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. चहा गॅसवरच करावा.

हॉटेलच्या आवारातील १६ अँपिअरच्या सॉकेटला गाडी जोडताना आधी अर्थिंग तपासावे, आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडून आवरण वितळू शकते.

डीडी फ्री डिशची छत्री आपल्याकडे आग्नेयेला वळवावी लागते. तेव्हा गाडी उभी करताना त्या बाजूला उंच झाड किंवा कडा नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यातल्या महाबळेश्वरात मात्र सिग्नल आणि सोलर पॅनेल, दोन्हींचा भरवसा धरू नये. चित्रपट पेनड्राइव्हवर आधीच भरून न्यावेत.