जुन्या वाशातून कोरीव करंडा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे कौलारू घर उतरवून स्लॅब पडला की वासे नि चौकटी वखारीत जातात, नाहीतर सरळ चुलीत. त्यातला तीन इंची जाडीचा एक तुकडा मागून घ्या. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड कोरल्यावर सहसा वाकत-तडकत नाही. नवशिक्यानं फणसाचं घ्यावं. सागवान देखणं खरं, पण त्यात सिलिका असते, पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार लवकर मरते. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून निघणारं पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) मिळालं तर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालतं. ‘एमबी’ला विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते नको. जुना ऑइलपेंट लागलेला तुकडाही नको, त्यात शिसं असू शकतं.

करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. डोकं मोडलेले खिळे आत दडलेले असतात. लाकडावरचा काळपट डाग ही त्यांची खूण.

सहा इंच लांब, तीन रुंद, तीन उंच असा ठोकळा काढा. झाकणासाठी वरून अर्ध्या इंचाची फळी सॉ मिलवाल्याकडून चिरून घ्या; हातकरवतीनं ती सरळ चिरणं कठीण. ठोकळ्यावर चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून रेघ मारा. ड्रिलच्या पात्याला दोन इंचांवर चिकटपट्टी लावा म्हणजे तळ फुटणार नाही. शेजारी शेजारी भोकं पाडून उरलेलं पटाशीनं काढा, मोगरीचे (लाकडी हातोडीचे) ठोके हलके. पोखरण्याचं काम आधी उरका. भिंत फुटलीच तर नक्षीची मेहनत तरी वाचते.

नक्षीला बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बस्ती बघून या. १२०४ सालच्या या जैन मंदिराच्या छतात दगडी कमळ आहे. तेवढं बारीक जमणार नाही, आठ पाकळ्या पुरेत. झाकणावर कंपासनं वर्तुळ आखून आठ भाग करा. आधी पाकळीच्या रेघेवर उभा काप, दोन-तीन मिलिमीटर खोल. मग बाहेरून तिरकी पटाशी त्या कापापर्यंत आणा. उभा काप न देता घाई केली की पाकळी उडालीच म्हणून समजा. ढलपी उचकटायला लागली तर उलट्या दिशेनं कोरा.

बिजागरी लागत नाही. एका कोपऱ्यात आधी बारीक भोक पाडून पितळी स्क्रू बसवा; झाकणातलं भोक किंचित मोठं ठेवा, म्हणजे झाकण बाजूला फिरतं.

पॉलिश पेपर मारून बाहेरून जवसाचं तेल लावा. आतून नको, बंद करंड्यात वास कोंडतो. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.