कोकणातल्या रात्रीचा रेंडर: फीडबॅक कसा मागायचा आणि त्याचं काय करायचं

कॉम्प्युटरवर थ्रीडीत रात्रीचा सीन करून त्याचा रेंडर, म्हणजे तयार चित्र, काढताना सगळ्यात आधी फसतात ते आपलेच डोळे. तासन्‌तास त्याच काळ्यानिळ्या व्ह्यूपोर्टकडे (सीन बनवायच्या खिडकीकडे) बघत बसलं की नजर अंधाराला सरावते, आणि वर होडी कुठे ठेवलीय, पायवाट कुठून खाली उतरते हे आपल्याला पाठ असतं, त्यामुळे जिथे खरं तर नुसता काळा गोळा आहे तिथेही आपल्याला होडी दिसत राहते. दिवसाच्या सीनमध्ये हे इतकं होत नाही. म्हणून रात्रीच्या लँडस्केपला दुसऱ्यांचे डोळे लागतातच, आणि ते नीट वापरायची एक पद्धत असते, ती इथे सांगतेय.

मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर धरून लिहितेय, पण दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी बहुतेक सगळं चालेल. सीन आपल्या किनाऱ्यावरचा समजा: सुरूचं बन, जांभ्याचा कडा, वाळूवर ओढलेली होडी, एका कौलारू घराच्या पडवीत दिवा, समोर समुद्र आणि चंद्र.

आधी दाखवायची फाइल नीट करा. चॅटवर फोटो म्हणून टाकलं की इमेज कॉम्प्रेस होते, आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो गडद आकाशाला, तिथे पट्टे पट्टे दिसायला लागतात आणि मग दहा जण तेच सांगत बसतात, "आकाशात रेषा आल्यात". त्यामुळे पीएनजी बनवून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि आउटपुट सेटिंगमध्ये डिदर (पट्टे मोडणारा बारीक दाणा) चालू आहे ना ते बघा. मूळ फाइल ईएक्सआरमध्येच (प्रकाशाची पूर्ण माहिती जपणाऱ्या फॉरमॅटमध्ये) ठेवा, म्हणजे नंतर गडद भाग उचलायचा झाला तर त्यात माहिती शिल्लक असते. सोबत त्याच इमेजची एक काळी-पांढरी कॉपी आणि एक अगदी अंगठ्याच्या नखाएवढी छोटी कॉपी जोडा. छोट्या कॉपीत समुद्र, जमीन आणि आकाश असे तीन वेगळे टोन दिसत नसतील तर कुणाला विचारायचीही गरज नाही, आधी ते दुरुस्त करा.

आणि समोरच्याला एवढं नक्की सांगा की फोनचा ब्राइटनेस मध्यावर ठेव आणि उन्हात उभं राहून बघू नकोस. जमलं तर एकाच माणसाला दिवसा एकदा आणि रात्री लाइट बंद करून एकदा बघायला सांगा. रात्रीच्या इमेजबद्दलची निम्मी भांडणं खरं म्हणजे स्क्रीनची असतात.

कुणाला दाखवायचं? थ्रीडी करणारे मित्र हवेतच, ते नॉइज (दाणे), टेक्सचरचं रिपीट होणं, लो पॉली (कमी तुकड्यांमुळे कोनेदार दिसणाऱ्या) कडा हे पटकन पकडतात. पण माझं ठाम मत आहे की रात्रीचा सीन अशा माणसाला दाखवायलाच हवा ज्याचा रात्रीशी रोजचा संबंध आहे. पहाटे रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला) जाणारे काका, रात्रीच्या एसटीचे ड्रायव्हर, चांदण्यात फोटो काढणारी एखादी मैत्रीण. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही हाच त्यांचा फायदा, कारण ते सेटिंग सांगत नाहीत, काय खटकलं तेवढं सांगतात.

प्रश्नही बदला. "कसं वाटलं?" विचारलंत तर "भारी" एवढंच मिळणार. त्याऐवजी विचारा, पहिल्यांदा नजर कुठे गेली? किती वाजले असतील? महिना कुठला वाटतोय? तुला या वाटेने खाली जायला भीती वाटेल का? "किती वाजले असतील" हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण चार जणांनी चार वेगळ्या वेळा सांगितल्या तर समजायचं की प्रकाश स्वतःशीच भांडतोय, आकाश संध्याकाळचं आहे आणि सावल्या मध्यरात्रीच्या.

आता मुख्य गोष्ट. लोक सांगतात तो बहुतेक वेळा उपाय असतो, आणि आपल्याला हवं असतं दुखणं. "चंद्र मोठा कर", "लाइट वाढव", "धुकं टाक" असं कुणी म्हटलं की ते लगेच करायला धावू नका, उलट विचारा की तुला काय दिसत नाहीये, किंवा काय खोटं वाटतंय. खटकलेलं जवळपास नेहमी खरं असतं, सुचवलेला उपाय मात्र क्वचितच बरोबर असतो.

"खूप काळोख आहे" हे घ्या, हे प्रत्येकाला ऐकावं लागतं. सरळ एक्सपोजर (चित्राचा एकूण उजेड) वाढवलं तर रात्रीचा संध्याकाळी सातचा ढगाळ सीन होतो. आधी आकडे डोक्यात ठेवा. ऊन चांदण्यापेक्षा साधारण ४ लाख पट प्रखर असतं, पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर फार तर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास पडतं. आणि पडवीतला साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब दोन मीटरवर साधारण १५ लक्स देतो, म्हणजे चांदण्याच्या कितीतरी पट. याचा अर्थ असा की खऱ्या प्रमाणात दोन्ही एकत्र नीट दिसूच शकत नाहीत, चांदणं दिसेल असं एक्सपोजर घेतलं तर पडवी पांढरी फटक होते आणि पडवी नीट दिसली तर अंगण काळं ठिक्कर. तेव्हा ठरवा की राजा कोण, दिवा की चंद्र, आणि दुसऱ्याला मुद्दाम खाली आणा. "खूप काळोख" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा उजेड नको असतो, त्याला एक ठळक कडा हवी असते, जिच्यावरून नजर आत जाईल. होडीच्या काठावर मागून येणारी चांदण्याची बारीक रेघ, ओल्या वाळूवर आकाशाचं प्रतिबिंब, माडाच्या झावळ्यांची चकाकी, एवढ्याने काम होतं आणि बाकीचा काळोख काळोखच राहतो. ब्लेंडरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्मला (रंग स्क्रीनवर कसे दाखवायचे त्या सेटिंगला) फॉल्स कलर लावून बघा, कुठला भाग पार तळाशी गेलाय ते रंगात दिसतं. ब्लेंडर ४.० पासून याच सेटिंगमध्ये एजीएक्स डिफॉल्ट आहे, तो तेज दिव्यांचे रंग आधीच्या फिल्मिकपेक्षा बरे सांभाळतो, जुनी फाइल उघडली असेल तर हे एकदा तपासा.

"सगळं निळं निळं झालंय" ही दुसरी नेहमीची तक्रार आणि ती जवळजवळ नेहमी बरोबर असते. चांदणं मुळात निळं नाही, ते परतून आलेलं ऊनच आहे, त्याचं रंगतापमान (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) ४१०० केल्विनच्या आसपास म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा पिवळसरच. निळं भासतं ते आपल्या डोळ्यामुळे. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही आणि लाल तर फारच कमी दिसतो. मंद उजेडात लाल आधी काळवंडतो हे १९व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवलं. आपल्या किनाऱ्यावर याचा मोठा उपयोग आहे! जांभ्याचा चिरा आणि कौलं दिवसा तांबडीलाल, चांदण्यात ती जवळपास काळी पडायला हवीत, आणि तेवढ्याच उजेडात हिरवी झाडं त्यांच्यापेक्षा उजळ वाटायला हवीत. म्हणजे नुसता निळा फिल्टर चढवण्यापेक्षा लाल मटेरियलची व्हॅल्यू (उजळपणा) उतरवा, एकूण सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी करा आणि निळा अगदी चिमूटभर टाका. रंग राखून ठेवा तो फक्त दिव्याजवळ, तिथे २७०० केल्विनचा पिवळा बल्ब असेल तर त्याच्या उजेडातला चिरा लाल दिसलाच पाहिजे. हल्ली गावागावात रस्त्यावर पांढरे एलईडी लागलेत, तुमचा सीन आजचा असेल तर सगळेच दिवे पिवळे करू नका.

आता चंद्र. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण कोकणाच्या सीनमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. ३५ मिलिमीटरची लेन्स आणि १९२० पिक्सेलची रुंदी धरली तर तो जेमतेम १७ पिक्सेलचा येतो. एवढासाच! लोक "चंद्र मोठा कर" म्हणतात तेव्हा त्यांना लांबची लेन्स हवी असते. २०० मिलिमीटर लावली की तोच चंद्र नव्वदेक पिक्सेलचा होतो, पण मग मागचा कडाही तेवढाच मोठा होतो आणि खरा वाटतो. वाइड लेन्स ठेवून नुसता चंद्र फुगवला की चित्र एकदम कॅलेंडरसारखं दिसतं.

मग जागा. आपला समुद्र पश्चिमेला. पूर्ण चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो, म्हणजे डोंगराच्या बाजूने, किनाऱ्यावर उभं राहिलं तर आपल्या पाठीमागून. त्यामुळे संध्याकाळी समुद्रावर उगवणारा पूर्ण चंद्र कोकणात नसतोच. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला दिसते ती द्वितीया-तृतीयेची कोर, तिची उजळ बाजू खाली, सूर्य बुडाला त्या दिशेला. पूर्ण चंद्र पाण्यावर हवा असेल तर तो पहाटेचा, मावळतीचा, आणि नेमक्या पौर्णिमेला तो मावळेपर्यंत उजाडायला लागतं, म्हणून काळोख हवा असेल तर त्रयोदशीच्या आसपासचा चंद्र घ्या, तो उजाडायच्या बराच आधी समुद्रात उतरतो. कोरीच्या काळ्या भागात तारा ठेवू नका, तिथे चंद्रच आहे. आणि भर चांदण्यात आकाशभर तारे शिंपडू नका, मोठे मोठे तेवढे ठेवा. उत्तरेकडे बघणारा कॅमेरा असेल तर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंशांवर येतो, रत्नागिरी-मालवणचा अक्षांशच तेवढा आहे.

आणि भरती. आमच्यातल्या एका मुलाने मावळत्या चंद्राचा रेंडर शेजारच्या रापणवाल्या काकांना दाखवला, पाणी पार सुरूच्या मुळापर्यंत आणलं होतं त्याने, लाटा दिसाव्यात म्हणून. काकांनी एक नजर टाकली नि म्हणाले, "रे झिला, चंद्र बुडता हा नि पाणी सुरूच्या मुळाक कसा? तेवा सुकती असता." सुकती म्हणजे ओहोटी. थ्रीडीवाल्यांपैकी कुणालाही हे दिसलं नव्हतं. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पहाटे साडेपाचच्या सुमाराला. शुद्ध अष्टमीला भरती सहाला, आणि चंद्र मावळतो मध्यरात्री, तेव्हाही ओहोटीच. म्हणजे आपल्याकडे चंद्र समुद्राला टेकलेला असला की पाणी मागेच गेलेलं असतं. त्या मुलाने मग पाणी मागे घेतलं आणि पुढे जी लांबलचक ओली वाळू मिळाली तिच्यात चंद्राचा उजेड उतरला, मघाशी म्हटलं ती नजर आत नेणारी कडा त्याला आपोआप मिळाली.

पाण्यावरच्या चंद्रप्रकाशाच्या पट्ट्याबद्दल: "पाणी प्लास्टिक वाटतंय" असं आलं तर रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) आणि लाटांचा बारीकपणा बघा. अगदी गुळगुळीत पाण्यात चंद्राचं गोल प्रतिबिंब पडतं, ते तळ्यात चालेल, उघड्या समुद्रात नाही. ओशन मॉडिफायरमध्ये (लाटा बनवणाऱ्या टूलमध्ये) रिझोल्यूशन वाढवून बारीक लाटा आणल्या की पट्टा तुटक आणि लांब होतो. तो नेहमी चंद्राच्या खालून सरळ कॅमेऱ्याकडे येतो, तिरका नेऊ नका.

महिना विचारला होता ना, त्याचं कारण होड्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि क्षितिजावर ट्रॉलरच्या दिव्यांची ओळ नसते. पावसाळी ढग आणि लांबवर दिव्यांची माळ असं दोन्ही एकत्र दिसलं की किनाऱ्यावरच्या माणसाला ते लगेच टोचतं. चालू होडीचे दिवे दाखवणार असाल तर पुढे तोंड करून होडीत बसलेल्याच्या डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

धुक्याबद्दल थोडक्यात. १ युनिट म्हणजे १ मीटर धरून सीनभोवतीच्या मोठ्या डब्यात व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत प्रकाश पसरवणारं धुकं) टाकत असाल तर डेन्सिटी (दाटपणा) ०.००१ पासून सुरू करा, त्यातसुद्धा किलोमीटरवरच्या डोंगराचा साधारण ३७ टक्केच प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. मशीन दमत असेल तर मिस्ट पास (अंतराप्रमाणे धुकं दाखवणारा वेगळा थर) घेऊन कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरनंतर थर जोडायच्या जागी, करा. दाणे येत असतील तर डिनॉइझरला (दाणे पुसणाऱ्या टूलला) अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मलचे (पृष्ठभागाची दिशा) पास द्या, नाहीतर वाळूचा लोण्याचा गोळा होतो.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि जुनी-नवी इमेज शेजारी ठेवून परत त्याच माणसाला दाखवा, तेही कुठली नवी ते न सांगता. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ३.२ पासून लाइट ग्रुप (दिव्यांचे वेगळे गट) आहेत, चंद्र, पडवी, आकाश असे तीन ग्रुप केले की परत रेंडर न मारता कंपोझिटरमध्ये प्रत्येकाचं प्रमाण बदलता येतं, समोर बसलेल्या माणसाला "आता?" "आता?" विचारत स्लायडर हलवता येतो. फीडबॅकसाठी याच्याइतकी उपयोगी सोय दुसरी नाही.

दोघांची मतं उलटी आली तर? एक म्हणतो दिवा विझव, दुसरा म्हणतो दिव्यामुळेच चित्र आहे. अशा वेळी मधला मार्ग काढून दिवा अर्धवट मंद करू नका, त्याने दोघांचंही समाधान होत नाही. दोघंही दिव्याबद्दलच बोलतायत म्हणजे नजर तिथे जातेय, एवढी माहिती त्यातून घ्या, आणि ती तिथे जायला हवी होती का याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या. सीन तुमचा आहे. तांत्रिक चुका सगळ्या ऐका, मूडबद्दलची मतं मात्र तपासून घ्या.

थांबायचं कधी हे मी असं ठरवते: लोक चंद्र, निळा रंग, नॉइज असं बोलायचं सोडून "त्या घरात कोण राहतं?", "एवढ्या पहाटे दिवा का चालू आहे?" असं विचारायला लागले की प्रकाशाला हात लावायचा नाही. मग फक्त पूर्ण रिझोल्यूशनचा शेवटचा रेंडर, १६ बिट पीएनजी, आणि ज्यांनी ज्यांनी बघून दिलं त्यांना तो आधी पाठवायचा, काकांना प्रिंट काढून.