आखाजीआधी संघ ठरवताना

खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. जुनं साल संपतं, हिशेब होतो, आणि राहायचं की दुसरा मालक धरायचा हे तोंडावर बोललं जातं. आमच्या फुटबॉल क्लबमध्ये पुढच्या मोसमाला कोण राहणार, कोणाला सोडायचं, हेही मी त्याच सुमाराला उरकतो. भुसावळात पारा 45च्या घरात गेला की ग्राउंडवर तसंही कोणी फिरकत नाही. बसून विचार करायला एप्रिल-मे बरे. फरक एवढाच की सालदाराला सालाचे पैसे मिळतात, आपण पोरांना वर्षभर फुकट पळवलेलं असतं. त्यामुळे मालकाच्या थाटात बोलू नका.

सगळ्यात आधी वही काढा. गोल किती मारले हे प्रत्येकाला पाठ असतं, ते लिहायची घाई नाही. नाव, जन्मतारीख, मैदानावरची जागा, अडीअडचणीला दुसरी कोणती जागा खेळतो, कोणता पाय, किती मिनिटं खेळला, सरावाला किती दिवस आला, कार्डं, दुखापत असे रकाने पाडा. डाव्या पायाच्या बॅकपुढे (बचावपटूपुढे) खूण करून ठेवा, तो सहजी मिळत नाही. शेवटचा रकाना मोठा ठेवा: जूनमध्ये हा कुठे असेल?

माझ्या अनुभवात निम्मी यादी हा रकानाच ठरवतो. आपण रात्र रात्र वाद घालतो की मधल्या फळीत हा बरा की तो, आणि दोघंही जुलैत गावात नसतात. बारावीचा निकाल लागला की कोणी पुण्याला, कोणी नाशिकला. अग्निवीर भरतीचं वय म्हणजे नेमकं आपल्या चांगल्या खेळाडूंचं वय. पोलीस भरतीवाले पहाटे पळायला आपल्याच ग्राउंडवर येतात, पण चेंडूला पाय लावत नाहीत, मुरगळला तर वर्ष जाईल म्हणून. अमळनेरहून रेल्वेने सरावाला येणारा आमचा एक विंगर (कडेने चढाई करणारा) मोसम संपताना एवढंच म्हणाला, “सर, मी सुरतले जाई राह्यनू.” मामाच्या ओळखीने काम लागलं होतं. आम्ही त्याच्याभोवती संघ बांधायला निघालो होतो. तेव्हापासून मी आधी विचारतो, मग खेळ मोजतो. विचारताना एकट्याला विचारा. चारचौघांत प्रत्येक जण “आहे ना सर” म्हणतो.

खेळ मोजताना मार्चमधला खेळ डोळ्यापुढून काढून टाका. उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी होते, भेगा पडतात, चेंडू टणाटण उडतो, आणि सुसाट पळणारा पोरगा राजा दिसतो. जुलैत त्याच जमिनीचा चिखल होतो, बुटाला किलोभर माती चिकटते. तिथे अंगाने भक्कम, दोन स्पर्शांत चेंडू मोकळा करणारा कामाला येतो. म्हणून गेल्या पावसाळ्यातला एखादा सामना आठवून बघा, व्हिडिओ असला तर फारच छान.

किती ठेवायचे? सरावात अकरा विरुद्ध अकरा खेळवायला बावीस लागतात, आणि रोज एक-दोघं दांडी मारणारच, म्हणून मी चोवीस धरतो. त्यात गोली दोन, यावर तडजोड नाही. एका वर्षी मी एकच ठेवला. दुसरा उंचीने कमी होता आणि मला त्याच्या जागी एक फॉरवर्ड हवा होता. पहिल्याचं बोट ऐन पावसाळ्यात मोडलं आणि उरलेले सामने आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, हातमोजे घालून उभा राहिला. स्टॉपरही गेला, गोलीही गेला. चोवीसपैकी दोन जागा जुलै अखेरपर्यंत रिकाम्या सोडा, भरतीत न लागलेली पोरं तेव्हा परततात.

कागदांचं काम आळसाने मागे पडतं. खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर होते. पोरगा तिथे कोणत्या क्लबच्या नावावर दिसतो ते बघा. दुसऱ्याच्या नावावर असेल तर आत्ताच त्या क्लबशी बोला. आधार आणि जन्मदाखल्यावरची तारीख जुळते का तपासा. शाळकरी पोरांच्या बाबतीत तर हमखास, कारण सुब्रतो कपसारख्या शालेय स्पर्धेत वयावरूनच गाडी अडते. लेखी करार असलेला व्यावसायिक खेळाडू असेल तर संपायची तारीख बघा. फिफाच्या नियमाने शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. करार संपल्यावर खेळाडूला पैशांसाठी अडवून ठेवायची पद्धत युरोपात 1995च्या बोस्मान खटल्यातल्या कोर्टाच्या निकालाने मोडली. आपल्याकडची पोरं हौशी, करार कसला नि काय, पण नोंदणी अडकवून ठेवणारे क्लब मी पाहिलेत. “आमच्याकडे नको, पण तिकडेही नको.” ज्याला सोडताय त्याचा कागद त्याच आठवड्यात मोकळा करा.

पैशांचं थोडक्यात: चेंडू, प्रवास, नोंदणी यांची बेरीज करून यादीला भागा. आकडा झेपत नसेल तर नावं कमी करा, वर्गणी वाढवू नका.

आता सांगायचं काम. व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकायची आणि ज्याचं नाव नाही त्याने समजून घ्यायचं, हे करू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकेकाला बोलवा, अठराच्या आतला असेल तर वडिलांनाही. कारण एकच सांगा आणि खरं सांगा. “बघू पुढच्या वर्षी” हे ज्याला खरंच बघणार त्यालाच म्हणा, कारण तो पोरगा वर्षभर वाट बघतो. दुसऱ्या क्लबचं नाव सुचवता आलं तर सुचवा; नियम चोख माहीत असलेल्याला रेफरीच्या परीक्षेचं सांगा. आमच्याकडचा एक जण आता आमच्याच सामन्यात शिट्टी वाजवतो आणि आम्हाला अजिबात सवलत देत नाही.

हे सगळं झाल्यावरच जर्सी गोळा करा. आधी मागितली की पोरं ओळखतात काय चाललंय.