रागाची वही: रेफरी, डावपेच आणि समोरच्याचं नशीब

आपल्या संघाने फुटबॉलची मॅच हरली की लगेच मोबाईल हातात घेऊ नका, आधी वही घ्या. दोनशे पानी साधी वही पुरते. पानावर दोन उभ्या रेघा मारल्या की तीन रकाने पडतात: 'रेफरी', 'आपण' आणि 'नशीब'. समासात मिनिट लिहायचं. जी गोष्ट मनाला लागली ती एकाच रकान्यात जाईल, आणि जिथे जाईल तिथे तिचा पुरावाही लिहायचा. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे मला रकान्यांची सवय आहे. पण ही पद्धत कुणालाही जमते. माझा भाचा शाळेत असल्यापासून माझ्याजवळ बसून मॅच बघतो, तोही आता स्वतःची वेगळी वही ठेवतो.

मी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचा चाहता. गल्लीतला माझा जुना मित्र मँचेस्टर सिटीचा. क्रिकेटवेड्या सोलापुरात रात्र जागून फुटबॉल बघणारे आम्ही थोडेच, म्हणून भांडायलाही तीच चार माणसं मिळतात. हरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "रेफरी विकला गेलाय बे!" हे वाक्य वहीत लिहायचं नाही. त्यामुळे खरोखर झालेली चूकसुद्धा वाया जाते. रेफरीने अन्याय केला असेल तर कुठल्या मिनिटाला, कुठल्या नियमाच्या विरुद्ध, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं की सिटीवालाही ऐकून घेतो.

बसण्याची तयारी आधी करा. इंग्लंडमधलं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणून तिथली संध्याकाळी साडेपाचची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री दहाला लागते, हिवाळ्यात अकराला. तिथली रात्री आठची साडेबाराला किंवा दीडला. दीडची मॅच आणि पहाटे नळाला पाणी असं एकाच रात्री आलं तर मोटर कुणी लावायची ते घरात आधी ठरवून घ्या. मोबाईलवरचं चित्र बऱ्याचदा टीव्हीच्या मागे असतं, त्यामुळे मित्रांचा ग्रुप म्यूट करा, नाहीतर गोल दिसण्याआधी कळतो. मॅच चालू असताना वहीत फक्त मिनिट आणि दोन शब्द लिहा: '३४, डियाझ, ऑफसाइड?' बाकीचं हाफटाइमला आणि मॅच संपल्यावर.

आता रेफरीचा रकाना. इथे काहीही लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. मैदानावरचा मूळ निर्णय काय होता? नियम काय म्हणतो? आणि व्हीएआरला (व्हिडिओ बघून मैदानावरच्या रेफरीला मदत करणाऱ्या रेफरीला) त्यात बोलायचा अधिकार होता का? व्हीएआर २०१८ मध्ये नियमांत आलं ते चार गोष्टींसाठी: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकून भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, ते २०१९-२० च्या मोसमापासून आहे. मैदानाच्या मध्यावर कुणी आपल्या खेळाडूला पाडलं आणि शिट्टी वाजली नाही, तर तिथून सुरू झालेल्या हल्ल्यातून गोल किंवा पेनल्टी झाली असेल, किंवा ते पाडणं थेट रेड कार्डाचं असेल, तरच व्हीएआर ते बघतं. शिवाय निर्णय ढळढळीत चुकीचा असावा लागतो. 'दुसऱ्या रेफरीने दिला असता' एवढ्या कारणावर तो बदलत नाहीत.

ऑफसाइडचा नियम भाच्याला मी असा शिकवला: सहकाऱ्याने बॉल मारला त्या क्षणी तुझं डोकं, धड किंवा पाय यांतलं काहीही बॉलच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे आहे का? हात धरायचे नाहीत. आपल्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड नाही. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरही नाही. नुसतं पुढे उभं राहणं हा गुन्हा नाही, त्या जागेवरून खेळात भाग घेतला तर गुन्हा. हँडबॉलमध्ये वाद जास्त होतात. बॉल हाताला लागला म्हणजे हँडबॉल असं नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला का, किंवा अस्वाभाविकपणे पसरून अंगाचा आकार वाढवला का, हे बघतात. गोल मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागून बॉल आत गेला तर मात्र, मुद्दाम नसला तरी, गोल धरत नाहीत. आणि हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकापासून. खांदा हातात येत नाही.

हे कळत असलं तरी लाइन्समनला (कडेने झेंडा घेऊन ऑफसाइड बघणाऱ्या पंचाला) शिव्या देण्याआधी एक प्रयोग करून बघा. आम्ही तो होम मैदानावर केला. (जानेवारीत तिथे गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा दुसरी जागा शोधा.) एकाने बॉल मारायचा, एकाने गोलकडे धावायचं, तिसऱ्याने त्याच वेळी उलट दिशेने बाहेर यायचं. तुम्ही बचाव करणाऱ्याच्या रेषेत उभे राहा आणि बॉल मारणाऱ्याचा पाय आणि ती रेषा दोन्हीकडे एकदम बघा. दोघेही सेकंदाला सात मीटर वेगाने धावत असतील तर सेकंदाच्या दहाव्या भागात त्यांच्यात एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा फरक पडतो. तुमची मान वळेपर्यंत चित्र बदललेलं असतं. भाच्याने एक संध्याकाळ हे केलं आणि त्यानंतर तो झेंड्यावर चिडायचा थांबला, रिप्ले बघायला लागला.

आता खऱ्या चुकीची नोंद कशी करायची ते सांगतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूल, आपल्याकडे रात्री दहा. कर्टिस जोन्सला रेड कार्ड मिळून आम्ही दहाजण उरलो होतो. ३४ व्या मिनिटाला आमच्या लुईस डियाझने गोल मारला. लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरच्या खोलीत रेषा तपासल्या आणि डियाझ ऑफसाइड नाही हे बरोबर दिसलं. पण तिथल्या रेफरीचा समज असा झाला होता की मैदानावर गोल दिलेला आहे. त्यामुळे त्याने 'तपासणी पूर्ण' एवढंच कळवलं. मैदानावरच्या रेफरीने त्याचा अर्थ ऑफसाइड कायम असा घेतला आणि खेळ सुरू झाला. चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता, कारण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर असा निर्णय मागे घेता येत नाही. इंग्लंडमधल्या रेफरींच्या संस्थेने त्याच रात्री मोठी मानवी चूक झाल्याचं मान्य केलं आणि पुढे त्या खोलीतलं संभाषण सगळ्यांना ऐकायला खुलं केलं. तेव्हा नोंद अशी होते: '३४, डियाझ. झेंडा चुकला, रेषा बरोबर, निरोप चुकला.' ही चूक पंचांची, आणि मला ती आजही तितकीच बोचते. पण ९६ व्या मिनिटाला योएल मातिपकडून आमच्याच गोलमध्ये बॉल गेला आणि मॅच २-१ ने गेली, ती ओळ रेफरीच्या रकान्यात ओढून आणायची नाही. दहाचे नऊ होऊनही त्या पोरांनी तोवर किल्ला लढवला होता, हे 'आपण' मध्ये मोठ्या अक्षरात लिहा. वही चांगल्या नोंदींसाठीही असते.

आपल्याकडचं उदाहरण ३ मार्च २०२३ चं. आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) बाद फेरीचा सामना, बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स. जादा वेळेत केरलाची भिंत लागायच्या आत सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला आणि केरलाचा संघ मैदान सोडून गेला. नियम असा आहे की फ्री किक घेणारा शिट्टीची वाट न बघता झटकन मारू शकतो. रेफरीने थांबायला सांगितलं असेल तर मात्र शिट्टी लागते. म्हणजे वाद घालायचा तर 'भिंत नव्हती' यावर नाही, 'रेफरीने थांबायला सांगितलं होतं का' यावर घालायचा. केरला क्लबला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. तक्रार काहीही असो, मैदान सोडल्यावर ती कुणी ऐकत नाही.

'आपण' हा रकाना सगळ्यात अवघड. त्यासाठी मॅच बघण्याची पद्धतच बदलावी लागते. पहिली दहा मिनिटं बॉलच्या मागे नजर फिरवू नका. आपली बचावफळी आणि मधली फळी यांच्यात किती मोकळी जागा आहे ते बघा. आपला हल्ला तुटतो त्या क्षणी दोन्ही फुलबॅक (दोन कडांचे बचावपटू) कुठे आहेत ते बघा. दोघेही समोरच्याच्या कॉर्नरजवळ असतील तर मागे व्हॅन डाइकसारखा बचावपटू असला तरी एकटा किती धावणार? बचावफळी उंच ठेवली म्हणून लगेच कोचला नावं ठेवू नका. बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्यावर आपला माणूस धावून गेलाय का, हे आधी तपासा. त्याला मान वर करून लांब पास द्यायला वेळ मिळतोय आणि तरीही फळी पुढेच उभी आहे, तर ती आपली चूक. मग गोल झाल्यावर झेंडा का नाही वर गेला असं विचारण्यात काही हशील नाही.

गोलकीपरकडे मागे पास दिला की आमच्या घरात ओरडा होतो. तो पास बऱ्याचदा मुद्दाम असतो. समोरचे पुढे यावेत, त्यांच्या मागे जागा पडावी, यासाठी दिलेला. पुढचे दोन पास बघून मगच बोला. आणि खेळाडू बदलल्याचं मिनिट नक्की लिहा, त्यापुढे काय बदललं तेही. याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो समोरच्याच्या नशिबाचा हिशेब करताना.

२२ मे २०२२. मोसमाचा शेवटचा दिवस, सगळ्या मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला. सिटीसमोर ॲस्टन व्हिला, तिचा प्रशिक्षक आमचा स्टीव्हन जेरार्ड, आणि ६९ व्या मिनिटाला व्हिलाचा दुसरा गोल मारणारा आमचाच जुना कुटिन्यो. सिटी ०-२ मागे. आणि मग ७६ ते ८१ या मिनिटांत सिटीने तीन गोल केले. सिटी ९३ गुण, आम्ही ९२. त्या रात्री सगळे म्हणाले, नशीब! आता बदलांची नोंद काढा. तेव्हा तीनच बदल मिळायचे. सिटीचा प्रशिक्षक ग्वार्डिओलाने झिंचेन्को, स्टर्लिंग आणि गुंडोगान यांना आणलं. पहिला गोल स्टर्लिंगच्या क्रॉसवर गुंडोगानचा. दुसरा झिंचेन्कोच्या पासवर रॉड्रीचा. तिसरा पुन्हा गुंडोगानचा. बाकावरून आलेल्या तिघांचाही गोलांत हात. याला नशीब म्हणता येत नाही. ते लिहिताना माझा हात जड झाला, पण नोंद त्यांच्या डावपेचांच्या नावावर गेली.

नशीब म्हणजे काय ते ३ जानेवारी २०१९ च्या मॅचमध्ये बघा. सिटीच्या मैदानावर आमच्या सादिओ मानेचा फटका खांबाला लागला, सिटीच्या जॉन स्टोन्सने बाहेर मारलेला बॉल त्याच्याच गोलकीपरला आपटून गोलकडे वळला, आणि स्टोन्सने तो रेषेवरून काढला. गोललाइन तंत्रज्ञानाने सांगितलं, बॉल पूर्ण आत जायला ११.७ मिलिमीटर कमी पडले. निर्णय अचूक, रेफरीचा संबंध नाही. मॅच २-१ ने गेली, त्या मोसमातला लीगमधला आमचा तो एकमेव पराभव, आणि शेवटी सिटी ९८, आम्ही ९७. ही नोंद 'नशीब' मध्ये. पण त्याच मोसमातलं आधीचं पानही उघडा: २ डिसेंबर २०१८, लिव्हरपूल शहरातल्याच एव्हर्टनविरुद्ध ९६ वं मिनिट, व्हॅन डाइकचा चुकलेला फटका आकाशात, त्यांचा गोलकीपर पिकफर्डच्या हातातून बॉल बारवर, तिथून आमच्या ओरिगीच्या डोक्यावर आणि गोल. १-० ने जिंकलो. मॅच बरोबरीत सुटून ते दोन गुण गेले असते तर आमचे ९५ झाले असते. समोरच्याचं नशीब लिहायचं तर आपलंही त्याच शाईने लिहा.

एक्सजीचे (अपेक्षित गोलांचे) आकडे हल्ली सगळीकडे दिसतात. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता किती, त्याची ती बेरीज. पेनल्टी साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. एका मॅचच्या आकड्यावरून कुणाला नशीबवान ठरवू नका. गोलसमोरून गेलेला आणि कुणाचाच पाय न लागलेला क्रॉस त्यात मोजलाच जात नाही. दहा-बारा मॅच सलग कुणी एक्सजीपेक्षा खूप जास्त गोल करत असेल, तर त्यांचा फटका मारणारा तरबेज आहे की खरंच दैव साथ देतंय, ते तेव्हा बघायचं.

रकाना ठरत नसेल तर पेन्सिलीने लिहून उचंत (तात्पुरत्या) खात्यात ठेवा आणि राग उतरल्यावर रिप्ले बघून वळती करा. रॉड्रीची नोंद माझ्याकडे बरेच दिवस तशी होती. २६ फेब्रुवारी २०२२, सिटी एव्हर्टनवर १-० ने पुढे, शेवटची मिनिटं, बॉल रॉड्रीच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली नाही. पुढे रेफरींच्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख माइक रायली यांनी एव्हर्टनची माफी मागितल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ती पक्की रेफरीच्या रकान्यात गेली. पण 'आमचं विजेतेपद गेलं' असं लिहिलं नाही. पेनल्टी लिहिली, कारण पेनल्टी म्हणजे गोल नव्हे. आणि पुढे एव्हर्टनचं नाव लिहिलं, कारण अन्याय त्यांच्यावर झाला. ते तेव्हा खालच्या लीगमध्ये घसरू नये म्हणून झगडत होते. शेजारच्या वैऱ्याचं नाव लिहायला लिव्हरपूलवाल्याला जड जातं, तरी लिहायचं. सिटीवाल्याला हे पान दाखवलं तेव्हा त्याने डियाझची नोंद मागून घेतली, दोन्ही वाचल्या, आणि रॉड्रीची ओळ आपल्या वहीत उतरवून घेतली.