छोटे टॉवर स्पीकर घेताय? कोकणातल्या घरात या चुका टाळा

टॉवर, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा स्पीकर, बुटका आहे म्हणून त्याचा बासही बेताचा असेल, हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. पावणेतीन फुटी सडपातळ खोक्यातले पाच इंची दोन वूफर (बास वाजवणारे पडदे) दहा बाय बाराची खोली सहज दणाणून सोडतात. त्यामुळे खोली न मोजता कोल्हापूर-पुण्याच्या शोरूमला जाणं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. गालिचा घातलेल्या मोठ्या हॉलमध्ये भरीव वाटलेला बास घरी चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या चार भिंतींत घुमायला लागतो.

हे आधीच काढता येतं. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि ३४३ ला त्या आकड्याने भागा. १० फुटांना साधारण ५६ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा जितका कमी तितका सूर खोल) येतात, १२ फुटांना ४७. तेवढ्या सुराला खोली स्वतःच जोर देते. खोली १० बाय १० असेल तर लांबी-रुंदीचे दोन्ही फुगवटे एकाच जागी येतात. वर स्लॅबही १० फुटांवर असला तर तिसरा त्यातच मिळतो. अशा खोलीसाठी ३५ हर्ट्झपर्यंत उतरणारा टॉवर घेणं म्हणजे पैसे मोजून डोकेदुखी आणणं. ४५-५० ला थांबणारा, पुढून पोर्ट (बासची हवा ये-जा करणारं भोक) असलेला किंवा पूर्ण बंद खोक्याचा स्पीकर तिथे जास्त साफ वाजतो. आकडा वाचताना तो ‘उणे ३ डेसिबल’चा आहे की ‘उणे १०’चा, म्हणजे त्या सुरावर आवाज ३ डेसिबलने पडलेला असतो की १० ने, तेवढं पाहून घ्या. दुसरा आकडा नुसता दाखवण्यापुरता.

माळा किंवा सीलिंग नसलेल्या कौलारू माजघराची गोष्ट उलटी. कौलांच्या फटींतून बराच बास निघून जातो, ओटीकडचं दार उघडं असेल तर आणखी. तिथे खोल उतरणारा टॉवर खपून जातो.

घुमण्याची खात्री करायची तर तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि बायाची घसीट (तळहात सरकवून चढवलेला सूर) ऐका. सूर चढताना एका ठिकाणी एकदम फुगला, तर दोष त्या सुरावर खोलीचा आहे. आधी स्वतःची खुर्ची हलवा: मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलात तर बास फुगणारच, दोन-तीन फूट पुढे या. मग स्पीकर. भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा १४३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीवरून परतणाऱ्या लाटेने खाल्ला जातो; ३० वर ठेवला तर तोच खड्डा २८६ च्या आसपास सरकतो. म्हणून एका वेळी १० सेंटीमीटरच हलवा, फरशीवर खडूची खूण करा आणि पुन्हा ऐका. मागे पोर्ट असेल आणि जागाच नसेल, तर सोबत आलेले फोमचे बूच लावा. आवाज किरकिरा वाटत असेल तर ट्वीटरला (बारीक, उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याला) दोष देण्याआधी स्पीकर आणि तुमच्यामधल्या उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाकून बघा.

उंचीकडे कोणी बघतच नाही. खुर्चीत बसलं की कान जमिनीपासून मीटरभर उंचीवर येतो, गादीवर मांडी घातली की पाऊण मीटरच्या आसपास. छोट्या टॉवरचा ट्वीटर बऱ्याचदा ७५ ते ८० सेंटीमीटरवर असतो, म्हणजे खाली बसून ऐकणाऱ्यांना तो आयताच जुळतो. खुर्चीवाल्यांनी पुढचे स्पाइक (खोक्याखालचे टोकदार पाय) एक सेंटीमीटर उंच करावेत. खोक्याची खोली २५ सेंटीमीटर असेल तर अडीच मीटरवर आवाजाची रेघ १० सेंटीमीटरने वर जाते. स्पाइकखाली धातूच्या चकत्या हव्यातच, नाहीतर टाइलला ओरखडे पडतात आणि सारवलेल्या जमिनीत टोकं रुततात.

वॅटच्या मागे लागू नका. १ वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर १० वॅटवर तिथेच ९६ डेसिबल देतो. अडीच मीटरवर मोकळ्या जागेच्या हिशोबाने त्यातले ८ वजा होतात, तरी कान भरतात. चलाखी असते ती ४ ओहमच्या (विजेला कमी अडवणाऱ्या) स्पीकरमध्ये: ‘२.८३ व्होल्टला ८९ डेसिबल’ असं छापलेलं असतं, पण ४ ओहमला तेवढे व्होल्ट म्हणजे १ नव्हे, २ वॅट. १ वॅटचा खरा हिशोब ८६ चाच. अँप्लिफायर ४ ओहमला चालतो का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. बास पातळ आणि गायक मधोमध न येता पसरलेला वाटला, तर एका स्पीकरची तार उलटी लागलेली असण्याची शक्यता मोठी. तार अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: सेलचं अधिक टोक लाल तारेला लागलं की वूफर सहसा बाहेर उडी मारतो. मुख्य म्हणजे दोन्ही स्पीकरचे वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत.

आता पावसाळा, म्हणजे इथला खरा परीक्षक. वूफरची कड फोमची असेल तर दमटपणाने ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबराची कडच घ्या. जुना स्पीकर घेताना बोटाने हलकेच दाबून बघा, चिकट लागली किंवा पावडर निघाली तर सोडून द्या. खोकं बहुधा एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असतं, त्यामुळे तळाची उघडी कड फरशी पुसताना पाणी पिते आणि फुगते. घेतल्याबरोबर तिथे पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्या. चार महिने प्लास्टिकने झाकून ठेवणं ही हमखास चूक, आत ओल कोंडते आणि जाळीच्या कापडावर बुरशी धरते. सुती चादर टाका, रोज थोडं वाजवा.

खाऱ्या वाऱ्याने तारेची टोकं हिरवी-काळी पडतात, आवाज खरखरतो किंवा मधेच जातो. टोक सेंटीमीटरभर कापून नवं तांबं उघडं करा, सोन्याचा मुलामा असलेले बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसवायच्या पिना) लावा, टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. विजा सुरू झाल्या की अँप्लिफायरची पिन सरळ उपटून ठेवा. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टरवर (विजेचा अचानक झटका अडवणाऱ्या साधनावर) विसंबू नका. आणि बंद ठेवलेल्या स्पीकरच्या पोर्टमध्ये कुंभारीण माशी घर बांधते. बास अचानक कमी झाला किंवा आत काही खुळखुळलं, तर अँप्लिफायर उघडण्याआधी पोर्टमध्ये टॉर्च मारा.