बॅक-इन्फ्लेट बीसीडी घेताय? मग आधी या चुका टाळा

"पाण्याखाली एकदम भारी आहे रे, पण वर आलं की तोंडावरच पाडते." पहिल्यांदा बॅक-इन्फ्लेट बीसीडी (स्कूबा डाइव्हिंगचं हवा भरायचं जॅकेट, ज्यात हवा फक्त पाठीमागे भरते) घेतलेल्या जवळपास प्रत्येकाचं हे रडगाणं मी ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हेच गात होतो. हॅवलॉकला, म्हणजे आता स्वराज द्वीप, तिसऱ्या दिवशी डाइव्ह संपवून वर आलो, बोट जरा लांब होती, आणि मी आपला सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्स करेपर्यंत बटण दाबून हवा भरत बसलो. 6 किलो शिसं (खाली जायला लावतो ते वेट) सगळंच्या सगळं पुढच्या खिशांत. लाटा थोबाडावर, मान वर धरून धरून दुखायला लागली, पाय मारून मारून दम लागला. डाइव्हमास्टर आला, एक शब्द न बोलता माझ्या जॅकेटमधली निम्मी हवा सोडली आणि म्हणाला, आता आरामखुर्चीत बसल्यासारखा मागे रेल. झालं. इतकंच होतं ते.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे नवीन बीसीडी पुन्हा विकायला काढणार नाही. जॅकेट टाइपमध्ये हवा पोटाच्या बाजूंनीपण असते. बॅक-इन्फ्लेटमध्ये ती सगळी पाठीमागे. म्हणून तर पाण्याखाली छान आडवं राहता येतं आणि छातीपोटाला आवळल्यासारखं होत नाही. पण पाठीमागे हवा आणि पुढे शिसं असलं की हवा वर ओढणार, शिसं खाली ओढणार, आणि मधे तुम्ही पुढे कलंडणार. त्यात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो 11 लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा टँक. तो भरलेला असताना जेमतेम बुडतो, पण रिकामा झाला की स्वतःच तरंगायला लागतो, जवळजवळ 2 किलोच्या जोराने. म्हणजे डाइव्हच्या शेवटी पाठीवरचा टँकसुद्धा तुम्हाला पुढे ढकलायच्या कामाला लागतो!! अशा वेळी आणखी हवा भरणं म्हणजे आगीत तेल.

मग करायचं काय? 4 किलो लावत असाल तर त्यातलं 1-2 किलो मागे न्या. बऱ्याच बीसीडींना टँकच्या बाजूला छोटे ट्रिम पॉकेट असतात, लोकांना ते दिसतच नाहीत, किंवा त्यात चॉकलेटचं रॅपर निघतं. ट्रिम पॉकेट नसेल तर वेट सरळ टँकच्या पट्ट्यात ओवा. वर आल्यावर हवा फक्त हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच, गुडघे थोडे पुढे, पाठ मागे रेललेली. पण सगळंच शिसं मागे नेऊ नका, कारण मागच्या खिशातलं वेट ऐनवेळी ओढून टाकता येत नाही. टाकल्यावर नक्की तरंगाल एवढं तरी पुढच्या, झटक्यात निघणाऱ्या खिशांत पाहिजेच. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नाही. बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायची गॅरंटी ती देत नाही, कुठल्याच टाइपची नाही. म्हणून बोटीत चढेपर्यंत रेग्युलेटर (ज्यातून टँकची हवा घेतो तो) तोंडातच ठेवायची सवय लावा, लाटा असतील तेव्हा तर नक्कीच.

वेट जास्त लावणे

ही चूक सगळ्यात मोठी, आणि बाकीच्या निम्म्या तक्रारी हिच्याच पोटातून निघतात. जास्त शिसं लावलं की ते उचलायला जास्त हवा, जास्त हवा म्हणजे प्रत्येक दोन मीटरला वर-खाली, मग बटण दाब-सोड दाब-सोड, आणि हवा आपली अर्ध्या तासात खलास. जुन्या भाड्याच्या जॅकेटमध्ये 6 किलो लागत होतं म्हणून नवीन बीसीडीतपण 6 लावायचं हे गणितच चुकीचं आहे, कारण जाड पॅडिंगवाली बीसीडी स्वतःच तरंगते आणि स्टीलची बॅकप्लेट (पाठीमागची धातूची पाटी) असेल तर ती दोन-तीन किलो शिशाचं काम एकटी करते. त्यामुळे बीसीडी बदलली, वेटसूट बदलला, टँक बदलला की किती वेट लागतं याचा चेक परत करायचा. टँकमध्ये 50 बार (हवेचा दाब) उरलेलं असताना पाण्यात उभे राहा, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नॉर्मल श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या लेव्हलला यायला पाहिजे, आणि श्वास सोडला की हळूच खाली जायला पाहिजे. भरलेल्या टँकवर चेक करत असाल तर वर 2 किलो धरा, कारण 200 वरून 50 बारवर येईपर्यंत जी हवा आपण संपवतो तिचं वजन साधारण तेवढंच असतं (हो, हवेला वजन असतं, शाळेत शिकलो होतो, इथे कामाला येतं). मी 3 मिलिमीटरच्या सूटमध्ये आता 4 किलोवर आलोय, पण माझा आकडा कॉपी करू नका, तुमचं शरीर वेगळं.

बटण दाबलं तरी हवा सुटत नाही

सुटेल कशी, तुम्ही आडवे आहात आणि हवा भरायची-सोडायची नळी खाली लोंबकळतेय. हवा नेहमी सगळ्यात वरच्या जागी जाऊन बसते, त्यामुळे बाहेर जायचं तोंड बुडबुड्याच्या वर पाहिजे. उभे असाल तर नळी डोक्याच्या वर सरळ धरून बटण दाबा. डोकं खाली असेल तर हवा कमरेकडे जाते, मग मागच्या खालच्या डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायची झडप) दोरी ओढा, फक्त त्या वेळी पार्श्वभाग जरा वर उचला, नाहीतर हवेऐवजी पाणीच आत येईल. अजून एक गंमत, काही ब्लॅडर (बीसीडीतल्या हवेच्या पिशव्या) घोड्याच्या नालेसारखे असतात, म्हणजे खालून उजवी-डावी बाजू जोडलेली नसते. त्यात उजव्या बाजूला हवा अडकून बसते आणि तुम्ही "अरे सगळी तर सोडली!" म्हणत वरच जात राहता. नळी डाव्या खांद्यावर असते, म्हणून उजवीकडे थोडे कला, डावा खांदा वर आला की अडकलेली हवा निघते.

हे सगळं वर येताना फार जपायचं. 10 मीटरवर जी हवा असते ती पृष्ठभागावर येईपर्यंत बरोबर दुप्पट होते, म्हणजे शेवटचे 10 मीटरच सगळ्यात फसवे. नळी हातात धरूनच वर या, मिनिटाला 9 मीटरच्या वर जाऊ नका आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा.

इन्फ्लेटरचं, म्हणजे नळीच्या टोकाचं हवा भरायचं बटण अडकलं तर? मीठ किंवा वाळू जाऊन ते दाबलेलंच राहू शकतं आणि जॅकेट आपोआप फुगायला लागतं. त्या वेळी बटणाशी झटापट करत बसू नका. एका हाताने टँकची हवा आणणाऱ्या लो-प्रेशर होजचा कपलिंग (जोड) मागे ओढून तो काढून टाका, दुसऱ्या हाताने हवा सोडा. मग तोंडाने फुगवून डाइव्ह आटपता येते. हे पूलमध्ये 10-15 वेळा करून ठेवा, तेही डोळे मिटून, कारण खरंच झालं तर विचार करायला वेळ नसतो.

घेताना

आधी भाड्याने वापरा, चार-पाच डाइव्ह तरी. मालवणला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एक ट्राय डाइव्ह केली, डोक्यात हवा गेली आणि दुसऱ्या आठवड्यात ऑनलाइन ऑर्डर टाकली, असं करणारे आहेत (नाव नाही सांगत, घरचाच आहे). लिफ्टचा (बीसीडी किती वजन तरंगवते त्याचा) आकडा बघून भुलू नका. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ सूट आणि एकच टँक असेल तर 12-13 किलो लिफ्ट भरपूर झाली. 20 किलोवाला मोठा ब्लॅडर घेतला तर अर्धवट हवेत तो टँकभोवती करंजीसारखा दुमडतो, हवा आत अडकते आणि पाण्याचा अडथळा वाढतो तो वेगळाच.

साइज टी-शर्टवर नाही, वेटसूट घालून बघा. फुल फुगवून बघा, वर कानापर्यंत सरकते का. सरकत असेल तर पायांमधून जाणारा पट्टा लावायची सोय आहे का ते विचारा. बॅक-इन्फ्लेटचे खिसे लहान असतात, त्यामुळे सिग्नलचा बलून, टॉर्च वगैरे कुठे अडकवणार तेपण आत्ताच बघा. सेकंड-हँड घेत असाल तर तोंडाने टम्म फुगवून अर्धा तास ठेवून द्या, मऊ पडली तर राम राम. आणि वेटचे खिसे दोन्ही आहेत ना? एका दुकानात मला "नवीनच आहे, कधीतरीच वापरलीय" म्हणून दिलेल्या पीसला एकच खिसा होता, दुसरा मागवायला जे पैसे गेले त्यात मालवणची एक ट्रिप झाली असती. ज्या इन्फ्लेटरमध्ये श्वास घ्यायची सोय पण असते, त्याचा होजचा कनेक्टर साध्यापेक्षा वेगळा असू शकतो, तो होज बरोबर घ्याच.

टँकचा पट्टा कोरडा आवळणे ही अगदी छोटी चूक. नायलॉन भिजलं की सैल होतं आणि टँक पाठीवरून घसरतो, म्हणून पट्टा आधी पाण्यात बुडवा, मग आवळा, मग हँडलला धरून बीसीडी उचलून बघा. टँक हलला तर परत. आणि इतका वर लावू नका की मान मागे केली की डोकं व्हॉल्व्हला आपटेल.

घरी आल्यावर

नुसती बाहेरून धुतली म्हणजे झालं असं नाही, कारण डाइव्हमध्ये थोडं समुद्राचं पाणी आत जातंच. नळीच्या तोंडातून दीड-दोन लिटर गोडं पाणी आत सोडा, हवा भरा, बाळाला झुलवल्यासारखं हलवा, खालच्या व्हॉल्व्हने काढून टाका, दोनदा तरी. सावलीत वाळवा. जूनपासून डाइव्हिंग बंद आणि बीसीडी माळ्यावर, हा आपला नेहमीचा कार्यक्रम, पण कोकण-मुंबईच्या दमटपणात ती घडी घालून पिशवीत ठेवली की आतून बुरशी आणि घड्या पडलेल्या जागी चिरा. रुंद हँगरवर, थोडी फुगवून, टांगून ठेवा. उंदीर असतील तर माळा नकोच.

हवा हळूहळू जातेय असं वाटलं तर फुगवून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात बघा. बहुतेक वेळा ब्लॅडर फाटलेला नसतोच, डंप व्हॉल्व्हच्या रबराखाली केस किंवा कचरा असतो. हाताने फिरवून उघडतो, पुसायचा, परत लावायचा. माझ्याच्यात वाळूचा एक कण निघाला होता, तिळाएवढासुद्धा नाही, आणि त्यासाठी मी आख्खा नवीन ब्लॅडर मागवायला निघालो होतो.